ढालबाबानं खोळ सोडली

आमच्या ढालबाबाला बाया शिवत न्हाईत. पायरीपाशी थांबायचं, लांबून हात जोडायचं, नारळ गड्याच्या हातात द्यायचा. मी रंगुबाई, त्याच देवळाच्या गुरवाची बायको. चाळीस वर्सं देवळाचं अंगण झाडलं, पण गाभाऱ्यात कवा पाय ठेवला न्हाई.

ढालबाबा म्हंजी भीमेच्या काठचा शेंदरी दगड. गाव राखताना पडलेला कुणी जुन्या काळचा वीर, असं समदे म्हणत्यात. पण कोण, यावरनं गावात डोकी फुटायची पाळी आलीया. बौद्धवाड्यातले पोपट गुरुजी शाळेतनं रिटायर झाले आन् त्यांनी पुस्तक छापलं, की हा वीर आमचा येसकर, गावाची येस राखणारा, येशीवर लढून मेला. लगेच देवस्थानचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी पुण्याहून इतिहासाचा प्रोफेसर आणला. त्यानं लिहून दिलं, वीर पाटलाच्या घरचा. झालं! दोन बोर्ड तयार. कुठला लावायचा यावर पोलीस बी येऊन गेले.

मला काय त्याचं? माझी सून घरात नव्हती, एवढंच मला ठाऊक.

समृद्धी तिचं नाव. तीन वर्सांमागं माझी नात पिंकी, दोन वर्सांची, धडपडत गाभाऱ्यात शिरली. समई पेटलेली. समृद्धी धावत आत गेली, पोरीला उचललं आन् तोल जाताना तिचा हात टेकला बाबाच्या दगडावर. आठ दिसांनी गावाचा ट्रॅक्टर यात्रेहून येताना पुलावर उलटला. दोन गडी गेले. लोक म्हणाले, बाबा कोपला. चावडीवर बैठक बसली. आमच्या मालकांना, हौशीरामांना, लोकांनी इचारलं, "गुरव, तुमची सून शिवली का?" मालक म्हणाले, "व्हय, शिवली." दुसऱ्या दिवशी समृद्धी पोरीला घेऊन माहेरी, खुटबावला. माझा दत्ता रांजणगावच्या कंपनीत. बापाच्या शब्दाबाहेर न्हाई मेला. खोली घेऊन तिकडंच ऱ्हातो, ना बायकोकडं जात ना आमच्याकडं येत.

तवापासून मी एकच धरून बसले. बाबाचा कोप कवा उतरतोय आन् माझी सून कवा परत येतीया.

मग चैत्रात बाबानं खोळ सोडली. शेंदूर आन् तेल थापून थापून दगडावर ईतभर जाड थर बसतो, तो पन्नास-साठ वर्सांनी एकदा आपसूक गळून पडतो. खोळ पडली की गुरवानं कवाड लावून घ्यायचं, एकट्यानं नवा शेंदूर चढवायचा, मगच घंटा वाजवून गावाला बोलवायचं. उघडा बाबा गुरवाबिगर कुणी बघायचा न्हाई, ही रीत.

सकाळी मालक देवळात गेले ते तसंच माघारी पळत आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार न्हाईत. हात धरून मला वढत म्हणाले, "रंगे, खोळ पडलीया. मला दिसंना. शेंदूर कुठं लागला, कुठं ऱ्हायला, ते तूच बघ. चल आत."

"अवं, मी? बाईमाणूस?"

"चल म्हणतो ना!"

कवाड लावलं. समईच्या उजेडात मी दगड बघितला. ढाल न्हाई, तलवार न्हाई, घोडा न्हाई. एक हात. कोपरात वाकून वर उभारलेला, पंजा उघडा, आन् मनगटापासनं कोपरापतूर बांगड्या. वर चंद्र-सूर्य. माझ्या माहेरी नदीकाठी असला दगड हाय. सतीचा दगड. कुणाची तरी लेक नवऱ्यासंगं जाळली, तिचा हात.

"अवं," मी म्हणाले, "ही बाई हाय."

मालक शेंदरात तेल कालवत व्हते. थांबले बी न्हाईत. "ठाऊक हाय. मागल्या टायमाला मी बारा वर्सांचा व्हतो. बापानं दाखवलं आन् शपथ घातली. बोलू नगं. शेंदूर लाव."

"ठाऊक हाय? मंग समृद्धी शिवली तर काय आभाळ कोसळलं? बाईच बाईला शिवली की!"

"चावडीवर हे बोललो असतो तर देऊळ गेलं असतं, रंगे. आपलं पोट गेलं असतं. दोन मयती झालेल्या, लोकांना कुणीतरी पायजे व्हतं." आन् मग वरडले, "लाव बिगीबिगी, माणसं येतील!"

काय सांगू तुम्हाला! एवढं ऐकूनशानी बी माझ्या हातांनी शेंदूर लावला. चाळीस वर्सांची सवय. ते म्हणतील तसं करायची. बांगड्या बुजल्या, बोटं बुजली, तवा कुठं मला रडू फुटलं.

घंटा वाजली. गाव लोटलं. बापूसाहेब, पोपट गुरुजी, दोघांची माणसं, दोन्ही बोर्ड. मी कवाड उघडून पायरीवर आले. दोन्ही हात कोपरापतूर लाल.

"बाबा-बिबा कुणी न्हाई आत," मी वरडले. "सती हाय, सती! बांगड्यांचा हात हाय! माझ्या सुनेला उगं हाकललं तुम्ही!"

पोपट गुरुजी तेवढे पुढं आले. "रंगुबाई, नीट आठवून सांगा. बांगड्या किती?" मग बापूसाहेबांना म्हणाले, "शेंदूर वला हाय तवर पुसून बघू. माझं चुकलं असंल तर मी पुस्तक मागं घेतो." खरा माणूस. पण त्यांच्याच वाड्यातली पोरं आडवी आली, "गुरुजी, आपला वीर बाई कसा असंल? गप बसा." बापूसाहेब म्हणाले, "हात लावून तर बघा कुणी." साल दीड साल एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या दिशी खांद्याला खांदा लावून दारात उभी ऱ्हायली. आन् आतनं माझा नवरा हात जोडत आला, "म्हातारीला भ्रम झालाय. हात लाल हाईत, कारण शेंदूर तिनं बाहेर बसून मळला." मला आतनं येताना बघून बी लोकांनी मान डोलावली. दोन बाया मला धरून घरी घेऊन आल्या.

दुसऱ्या सकाळी मी कुणाला न इचारता निघाले. यवतपतूर जीप, तिथनं खुटबावला दुसरी. मनात एकच. गाव नगं ऐकू दे, पण समृद्धीला कळलं की तिचा काय बी गुन्हा नव्हता, तर ती येईल. रांजणगावला खोली हायच. दत्ताचा कान धरून मी त्यांचा संसार मांडून देईन.

समृद्धी भावाच्या शेतात झेंडू तोडत व्हती. वाळून काडी झालेली. बांधावर बसून मी तिला समदं सांगितलं. हात, बांगड्या, शेंदूर. ती ऐकत ऱ्हायली.

"मामंजींना कवापासनं ठाऊक व्हतं?"

खोटं बोलावं असं एकदा वाटलं. "ल्हानपणापासनं," मी म्हणाले.

"ती दोन माणसं माझ्यामुळं मेली असं वाटायचं मला, आत्याबाई. त्यांच्या नावानं शनिवार धरलेत मी. त्यांच्या बायका सपनात येत्यात. तीन वर्सं." तिचा आवाज जरा बी हालला न्हाई. "आन् ते चावडीवर 'शिवली' म्हणाले, तवा त्यांना ठाऊक व्हतं."

"म्हणून तर आले बाई. चल घरी."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, मानलं. पण पोरीला समईपासनं वाचवायला मी गेले, हे तर तुम्ही डोळ्यांनी बघितलं व्हतं. चावडीवर एक शब्द बोलला न्हाईत. माझी पिशवी भरलीत."



तेवढ्यात पिंकी घराकडनं तांब्या घेऊन आली. केवढी झालीया! मी हात पुढं केला, तशी ती आईमागं सरकली. "आई, ह्या कोण?"

"कुणी न्हाई. बाई चुकल्यात," समृद्धी म्हणाली. "पाणी दे त्यांना आन् जीप कुठं मिळती ते दाखव."