बर्फात मीठ

थंड कसं ठेवावं, हे भोरमध्ये सलीमला शिकवायची कुणाची टाप नव्हती. वीस वर्षं तो हातगाडीवर कुल्फी विकत होता. भर वैशाखातही त्याची शेवटची कुल्फी पहिलीइतकीच कडक असायची. त्याचा त्याला गर्व होता, आणि असायलाच हवा होता.

म्हणून नसरापूरच्या मेडिकलवाल्यानं दिलेला थर्माकोलचा डबा पाहून त्याला हसूच आलं. आत पाण्यासारख्या औषधाची एक बाटली होती. पासलीच्या चिमाजीची बायको अंबूबाई याच औषधावर होती. तिच्यासाठी आणलेली ही शेवटची बाटली सलाईनमधून लागायच्या आधीच ती गेली. पुण्याच्या दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर सलीमची बायको रुकसाना असायची. दोघींना एकच आजार, गाठींचा कॅन्सर. तेरावं उरकून चिमाजी भोरला आला.

"सलीमभाई, मेडिकलच्या फ्रीजात नुसतं पडून हाय. ताईंना लागू द्या."

अशी बाटली विकत घेणं सलीमला सात जन्मांत जमलं नसतं. तो चिमाजीच्या गळ्यात पडून रडला. डॉक्टरांनीही होकार दिला. हे औषध नेमकी वाईट पेशी ओळखतं आणि तिलाच जाऊन चिकटतं, असं त्यांनी समजावलं. फक्त गार ठेवून आणा, म्हणाले.

एवढंच ना? लोडशेडिंगमुळे भोरच्या फ्रीजवर भरवसा नव्हता. सलीमनं थर्माकोल कोपऱ्यात भिरकावला, बाटली कुल्फीच्या डब्यात ठेवली, भोवती बर्फ ठेचून भरला आणि वरून मुठीमुठीनं खडेमीठ टाकलं; मिठानं बर्फ आणखी गार होतो, कुल्फी कडक होते ती त्यानंच. सकाळच्या एसटीत तो डबा मांडीवर घेऊन बसला. रुकसानानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

दवाखान्यात नर्सनं बाटली उचलली आणि ती थबकली.

"हे गोठलंय."

"मग? पार दगड केलाय, बाई. थेंब हलू दिला न्हाई."

तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाटली बराच वेळ हातात धरली.

"गोठलं की हे औषध मोडतं, सलीमभाई. पुन्हा पातळ झालं तरी ते काही ओळखत नाही. हे मला देता येणार नाही." आम्हीच नीट सांगायला हवं होतं, असंही ते म्हणाले. सलीमला ते ऐकूच गेलं नाही.

परतीची एसटी नसरापूरला थांबली. तांदळाची पिशवी घेऊन स्टँडवर वाट बघत असलेला चिमाजी खिडकीशी आला.

"ताई, लागलं का औषध?"

सलीमनं तोंड उघडलं. रुकसानानं त्याचं मनगट दाबलं.

"व्हय दादा. समदं लागलं."

चिमाजीनं टोपी काढून डोळे पुसले. "मंजी अंबूचं वाया न्हाई गेलं."

एसटी सुटली. डबा सलीमच्या मांडीवरच होता. आतला बर्फ अजून वितळला नव्हता.