न उचललेली कात्री

माझ्या वहिनीला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शर्टाचं बटण निघालं तरी ती शर्ट घेऊन आईपुढे उभी राहायची. आणि आईचा उभा जन्म शिवणयंत्रावर गेला. एका खांद्याने उतरलेली, पाठीला बाक आलेली, एक हात आखूड असलेली माणसं लांबलांबून तिच्याकडे कपडे बेतून घ्यायला यायची. कागदाचा नमुना ती कधी काढत नसे. कापडावर खडूच्या चार रेघा ओढायची आणि कात्री एकदा लावली की शेवटपर्यंत उचलायची नाही. बाही जोडतात त्या मुंढ्याच्या वळणावर भलेभले शिंपी थांबतात, कात्री उचलतात, कापड फिरवून घेतात, आणि तिथे कडेला दातरा राहतो. आई थांबत नसे. लहानपणापासून पाहत आलो, तरी ते कसं जमतं ते मला आजही कळलेलं नाही.

गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार. नशीब म्हणा की वहिनीचा हट्ट म्हणा, त्याच्या थोडंच आधी वहिनीने आईचं एक बेतणं दोन कॅमेऱ्यांनी टिपून ठेवलं होतं. एक कॅमेरा वरून सगळं टेबल दाखवणारा, दुसरा हाताच्या अगदी जवळ. एका खाली उतरलेल्या खांद्यासाठी कोट बेतायचा होता. आईच्या कलेचं तेवढंच काय ते चित्रण, आणि पुन्हा काही ते होणार नव्हतं.

शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेच्या बाईंच्या कानावर हे गेलं. बाई खमक्या होत्या. "कात्री न उचलता, नमुन्याशिवाय? ऐकून मी मानायची नाही. दोन्ही चित्रं शेजारीशेजारी, एकाच वेळी दाखवा. खरं असेल तर आमच्या मुलींना हेच शिकवू." पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी घरी येते म्हणाल्या. आई वरवर हसली, "नाही शिकवलं तर कुणाचं काय अडतंय?" पण त्या दिवशी ती धड जेवली नाही. आपल्यामागे काही राहावं असं तिला वाटत असेल, तर ते हेच होतं.

घोडं अडलं कॉम्प्युटरपाशी. दादाच्या ऑफिसने टाकून दिलेला, म्हणून दादाने घरी आणलेला. दादा नोकरीसाठी परगावी गेला आणि हा डबा आमच्या गळ्यात मारून गेला. दोन्ही चित्रं एकत्र लावली की बिचारा धापा टाकायचा. नेमका मुंढ्यापाशी यायचा, थबकायचा आणि उडी मारून पुढे जायचा.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आई खुर्चीत पुढे वाकली.

"मी उचलली?"

"नाही हो आई, कॉम्प्युटर अडखळतोय," वहिनी म्हणाली.

"मला वाटलं, तेव्हापासूनच हात..." आई वाक्य अर्धवट सोडून आत निघून गेली. त्या डब्याला लाथ घालावी असं मला मनापासून वाटलं.

"नवा घेऊ," मी म्हटलं.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, भावोजी."

"अहो, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आडात गाळ साचलाय. तो काढू," असं म्हणून तिने पदर खोचला.

वहिनी शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकांवरची धूळ झटकायचा ब्रश घेऊन तिने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला आणि आधी तो स्वच्छ केला. मग तो नेमका कुठे अडतो हे शांतपणे शोधत बसली. मी असतो तर दिसेल ते बदललं असतं. तिने ठरवलं, मेंदू, म्हणजे प्रोसेसर, जुना असला तरी चालेल, अडतंय ते इतर ठिकाणी. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क काढून तिथे एसएसडी, रॅम दुप्पट, आणि चित्राचा भार उचलायला एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड. दुकानदार आम्हाला दिवे लुकलुकणारं हातभर लांबीचं कार्ड दाखवायला लागला. मी भुललोच होतो. वहिनीने पर्समधून आईची टेप काढली.

"माझ्या डब्यात एवढीच जागा आहे. आणि वीजही बेताचीच."

दुकानदार हसला आणि आतून एक ठेंगणं कार्ड घेऊन आला. वहिनी शिंप्याच्या घरात नांदतेय हे मला त्या दिवशी पटलं.

एवढं करूनही जड चित्रण थोडं रेंगाळत होतंच. तेव्हा तिने प्रत्येक चित्रणाची हलकी, लहान नक्कल करून घेतली आणि सगळी काटछाट त्या नकलेवर केली. आईने विचारलं तर म्हणाली, "हा कच्चा टाका, आई. शेवटी मूळ चित्रणावर पक्की शिलाई." आईला चटकन कळलं. मला दोनदा सांगावं लागलं. शाळेतून आली की वहिनी त्या मुंढ्यापाशी बसायची. दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं जुळेपर्यंत पुढे-मागे, पुढे-मागे. ते वळण तिने इतक्या वेळा पाहिलं की जेवतानाही तिचा डावा हात ताटाजवळ नसलेलं कापड सरकवायचा. मी चिडवलं तर तिला पत्ताच नव्हता.

बाई येणार त्या आठवड्यात, बुधवारी, वहिनीने पक्की फिल्म तयार करायला लावली आणि शाळेत गेली. बरेच तास लागणार होते. परत आली तर कॉम्प्युटर बंद. गुरुवारी पुन्हा लावली, पुन्हा बंद. सगळं करून मुसळ केरात! "जुनं कार्ड घेतलंत, भोगा आता," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. शुक्रवारी वहिनीने रजा टाकली, फिल्म लावली आणि मला शेजारी घेऊन दाराआड पुस्तक वाचत बसली.

थोड्या वेळाने आई आली. रिकामी खुर्ची पाहिली. भिंतीवरच्या खुंटीवरून जाड गादीपाटाची खोळ काढली, थरथरत्या हाताने कॉम्प्युटरवर चढवली, कोपरे दाबले, बटणं लावली. शिवणयंत्रावरून उठताना ती जन्मभर असंच करत आली होती. माणूस उठलं की यंत्र झाकायचं. कॉम्प्युटर घरात आला तेव्हाच तिने ती शिवली होती. अंगाला चोपून बसणारी, वायरींपुरतीच फट असलेली. आतापर्यंत बिघडलं नव्हतं, कारण तो एकटा कधी कामाला लागलाच नव्हता. आणि आल्याआल्या खोळ काढायची आम्हाला इतकी सवय, की ती कुणाला दिसायचीच नाही.

मी तोंड उघडलं. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"आई, इथे पाठीला हात लावून बघता?"

आईने हात लावला. "अगं बाई, हे तर तापलंय!" तिनेच घाईघाईने खोळ ओढून काढली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच..."

"गिऱ्हाईक वेगळं आहे, आई," वहिनी म्हणाली. "तुमचा तो कोटवाला खांद्याने वेगळा होता, हा पाठीने आहे. याला मागून वारा लागतो. याच्या मापाने बेता की."

आईने खोळ टेबलावर पसरली. कॉम्प्युटरची पाठ बोटांनी चाचपली, वारा कुठून येतो ते पाहिलं, आणि खडूने एक मोठं गोल वळण काढलं. रेघ थोडी हलली, पण वळण बरोबर होतं. मग तिने कात्री हातात घेतली. पाती एकमेकांवर वाजायला लागली. तिने कात्री खाली ठेवली, आणि क्षणभराने वहिनीपुढे धरली.

"मला? आई, मला बटण लावता येत नाही."

"बटण लावायला कोण सांगतंय?"

वहिनीने कात्री लावली. कोपर बरगडीला टेकवलं, डावा तळवा कापडाखाली घातला आणि कात्री जशी पुढे गेली तसं कापड तिच्याकडे वळवत नेलं. गादीपाट जाड, वळण अवघड. ते कोपर मी ओळखत होतो. माझ्या आईचं होतं ते. लपवण्यात अर्थ नाही, माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बाईंनी फिल्म पाहिली, मुंढ्यापाशी दोनदा मागे नेली आणि "कधीपासून शिकवू या?" एवढंच विचारलं. पण आमच्या घरात तो निकाल शुक्रवारीच लागला होता. वहिनीने कात्री खाली ठेवली, कापलेला तुकडा आईने हातात घेतला, आणि दुपारी फिल्म तयार झाली तरी तो तिच्या मांडीवरच होता.

"आई, चल," मी हाक मारली. "कात्री उचललीस की नाही, ते बघ एकदाचं."

ती कापडाच्या कडेवरून बोट फिरवत होती. सगळ्या वळणाभर कुठेही दातरा नव्हता.

"बघितलं," ती म्हणाली. "नाही उचलली."