दगडांमागची मूर्ती

पोलीस ॲक्शननंतर चार वर्षांनी सरकारनं मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या लेण्यांवर पहारेकरी नेमला, तो कस्तुराबाईचा सख्खा दीर आप्पा. धनगराच्या घरातली ती पहिली नोकरी. खाकी सदरा अंगात येताच आप्पा भावजयीला म्हणाला, "मेंढरं भाईर काढ. हितं आता सायबलोक येणार."

एका विहारात भिक्षूंच्या खोल्या होत्या. पावसापाण्यात कस्तुराबाईची मेंढरं तिथंच बसत. रझाकारांच्या धामधुमीत नवऱ्यासोबत ती दोन महिने तिथंच लपली होती. नवरा तिथंच तापानं गेला.

"तुझा भाऊ मेला ती जागा हाय ही," ती म्हणाली.

"त्याला मी काय करू?"

फाल्गुनात गारा झोडपू लागल्या. ती कळप घेऊन वर धावली, तर आप्पा दारात काठी आडवी धरून उभा. तो हलला नाही. तीन कोकरं उघड्यावर मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी पाहायला पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. कस्तुराबाईनं मेलेली कोकरं आणून आप्पाच्या पायाशी ठेवली.

"ही बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

आप्पा घाईघाईनं म्हणाला, "वळखत नाय, सायेब."

आई मेल्यावर याच बाईनं त्याला लहानाचा मोठा केला होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग साहेबांना म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार दगडांनी बुजलंय. आत बुद्धाची मूर्ती हाय. मेंढरांची शिंगं घासू नयेत म्हून माझ्या मालकानं दगडं रचली व्हती."

गड्यांनी दगड काढले. बाहेरच्या मूर्तींची नाकं, हात तुटलेले. ही मात्र अखंड. साहेबांनी जवळ जाऊन मूर्ती पाहिली. मग म्हणाले, "बाई, मेंढरांना पायथ्याला जागा मिळवून देतो."

"नगं."

ती उतरू लागली. आप्पा मागून धावत आला. "वैनी, नोकरी जाईल म्हून बोललो गं."

"वाट सोड."

तो उभाच राहिला. तिनं कळपाला हाळी दिली. मेंढरं त्याच्या दोन्ही अंगांनी खाली गेली, आणि ती त्याच्याकडं न बघता त्यांच्यामागं. त्याच आठवड्यात तिनं सिल्लोडच्या बाजूला बिऱ्हाड हलवलं.