चार बोटं

पहारीचं टोक फळीखाली घालून बुरुलचाने सगळं अंग तिच्यावर टाकलं. फळी जागची हलली नाही. ट्रेलरवरचे साखळदंड अजून सुटायचे होते, ड्रायव्हर हातपाय मोकळे करत होता, आणि कोकजार उपकेंद्राची ही अठ्ठावन्न वर्षांची मुख्य अभियंता नव्या ट्रान्सफॉर्मरच्या तळाला ठोकलेल्या फळ्या उचकटायला निघाली होती.

"एजे, जरा दम धरा की," तिथला जुना फिटर जुमाकादिर म्हणाला; थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणायचा. "तुर्कस्तानाहून एवढा आलाय, आता कुठे पळून जाणार आहे?"

"मला चाकं बघायचीत."

"चाकंच ती. गोल असणार."

तिला हसू आलं नाही. महिन्याभरापूर्वी, माल रस्त्याला लागल्यावर, तिने कंपनीची माहितीपुस्तिका सहज चाळली होती आणि एका आकड्यावर तिचं बोट थांबलं होतं. चाकांमधलं अंतर एकशे त्रेचाळीस सेंटीमीटर. इथल्या चौथऱ्यावरचे रूळ, ज्यांवरून ट्रान्सफॉर्मर ढकलत जागेवर न्यायचा, ते होते एकशे बावन्नचे. निविदेसाठी तिने चाळीस पानं लिहून दिली होती. तेलापासून बोल्टापर्यंत सगळं त्यांत होतं, फक्त रुळांची रुंदी नव्हती. उभ्या जन्मात तिने दुसऱ्या रुंदीचे रूळ पाहिलेच नव्हते. पाणी ओलं असतं हे कुणी लिहून देतं का?

जुना ट्रान्सफॉर्मर हा हिवाळा काढणार नव्हता. नवा चौथऱ्यावर चढला नाही तर बर्फाने घाट बंद होणार, आणि मे महिन्यापर्यंत गाव पाळीपाळीने अंधारात, प्रसूतिगृहासकट. चूक सर्वस्वी तिची होती. आजवर तिने ती कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

मागच्या गाडीतून कंपनीचा अभियंता एर्दिंच उतरला. उंच, लांब टांगांचा माणूस. त्याची तुर्की आणि हिची किर्गिझ एकमेकींना ओळखून होत्या, कामापुरतं भागायचं. त्याने काही न विचारता पहारीला हात लावला. फळी निघाली. बुरुलचाने खिशातली टेप काढली, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि गुडघ्यांवर बसून आकडा वाचला. मग टेप सोडून पुन्हा लावली.

एकशे बावन्न.

ती तिथेच ट्रेलरच्या टायरला टेकून बसली. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवला, तशी ती हलकी झाली. डोळे भरून आले ते तिने बाहीने पुसले. वारा फार होता, असं नंतर ती सांगणार होती.

"तुमच्या पुस्तिकेत तर त्रेचाळीस आहे," ती म्हणाली.

"आणि तुमच्या कागदांत काहीच नाही," एर्दिंच शांतपणे म्हणाला. "पण मला तुमचा चहा आठवला."

बुरुलचाचा चेहरा लाल झाला. तो चहा तिलाही विसरता आला नव्हता.

गेल्या वर्षी सप्टेंबरात पाच देशांच्या कंपन्यांची माणसं जागा बघायला आली होती. चौथऱ्यावर, रुळांच्या मधोमध, तिने सकाळपासून दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरून ठेवलं होतं. पाव, लोणी, जर्दाळू. दारी आलेल्याने निदान घास मोडायचा असतो. चौघे फोटो काढून चालते झाले. पाचवा हा, हाही उभ्याउभ्याच म्हणाला, घाई आहे. तेव्हा तिचं डोकं फिरलं आणि तिने त्याचा पियाला काठोकाठ भरला. इकडे हव्याशा पाहुण्याला तळाशी दोन घोट देतात, म्हणजे पियाला पुन्हापुन्हा हातात येतो. काठोकाठ म्हणजे पी आणि नीघ. बिचाऱ्याने तो दोन्ही हातांनी अदबीने घेतला, दस्तरखान तुडवायला नको म्हणून बाजूला सरकून एका रुळावरून दुसऱ्यावर ढांग टाकली, आणि सगळा चहा पँटवर.

"आमच्या कारखान्याच्या आवारात वीस वर्षं या रुळावरून त्या रुळावर पाय टाकत फिरतोय," एर्दिंच म्हणाला. "कधी चुकलो नाही. इथे चार बोटं कमी पडलो. वाटलं, म्हातारे झालो आपण. गाडीत बसायच्या आधी टेप लावून बघितलं, तेव्हा कुठे बरं वाटलं. आकडा वहीत होता, म्हणून चाकं तशी बसवून घेतली."

"चाकं गोल आहेत, एजे," जुमाकादिर वाकून बघत म्हणाला. "मी म्हटलंच होतं."

आता मात्र ती हसली, आणि बराच वेळ हसत राहिली.

संध्याकाळपर्यंत ट्रान्सफॉर्मर त्या रुळांवर उभा राहणार होता. त्याआधी तिने तिथेच पुन्हा दस्तरखान अंथरलं. पाव मोडून सगळ्यांपुढे ठेवला आणि एर्दिंचला मांडी घालून बसायला लावलं. मग किटली तिरकी करून चहा ओतला, आणि लगेच हात आवरला.

"इतकाच?" एर्दिंचने पियाल्यात डोकावून विचारलं. "मागच्या वेळी तर काठोकाठ दिला होतात."

जुमाकादिरला एकाएकी खोकला आला.

"मागच्या वेळी तुम्हाला घाई होती," बुरुलचा म्हणाली, आणि तिने किटली मांडीजवळ ओढून घेतली. "संपवा. परत देते."