बेसच्या खोक्याजवळची जागा

सिधूला ऐकू येतं की नाही, ही शंका मला पहिल्यांदा आली ती ऐन गणपतीत. वीरेशची साउंड सर्व्हिस आहे, बीडमध्ये, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढे दुकान, मागे आमच्या दोन खोल्या. (लिहिताना नावानं लिहिते, समोर आपलं ‘अहो’च.) त्या दिवशी दुकानाच्या दारात नव्या मशीनची चाचणी चालली होती. समोरच्या किराणावाल्याच्या बरण्या थरथरत होत्या, गल्लीतली कुत्री कधीच पळाली होती, आणि आमचं आठ महिन्यांचं पोर पाळण्यात मूठ तोंडात घालून झोपलेलं. मी पाळण्याला हात न लावता नुसती उभी राहिले. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

सासूबाई तेव्हा दिंद्रुडहून आल्या होत्या. त्यांना सांगितलं तर हसल्या.

“साउंडवाल्याचं पोर हाय ते. लोहाराचं पोर घणाला भेतंय का?”

हे वाक्य मग घरात मुरलं. वीरेश गिऱ्हाइकांना सांगायचा, आमचा सिद्धेश्वर दोन कर्ण्यांच्या मधे झोपतो बघा. लोक माना डोलवायचे. दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असतं तर कुणीतरी घाबरलं असतं. आमच्याकडे ती धंद्याची शोभा झाली.

मी बी. एस्सी. झाले आहे, एवढं माझं शिक्षण या बाबतीत कामाला आलं नाही. मी नुसती बघत राहायचे. मागून टाळी वाजवली की कधी वळायचा, कधी नाही. सासूबाईंनी ताट-वाटी वाजवून दाखवली तेव्हा झटकन वळला. “बघितलंस?” त्या म्हणाल्या. मी बघितलं होतं. त्यांचा हात वर गेला तेव्हा भिंतीवर सावली हलली होती. डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. त्यांनी त्याच्या मानेमागे चुटकी वाजवली, तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी दचकून डॉक्टरांकडे पाहिलं, म्हणून त्यानंही पाहिलं. मुलगे उशिरा बोलतात, म्हणाले; फारच वाटलं तर औरंगाबादला कान तपासणारे मोठे डॉक्टर आहेत. वीरेशही म्हणे तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता बोलतो त्यावरून ते खरं वाटत नाही.

वर्षाचा होत आला तरी सिधू ‘आई’ म्हणाला नव्हता. आवाज काढायचा, पण तो कुणाला दिलेला नसायचा.

त्या हिवाळ्यात शनिवारचे कार्यक्रम सुरू झाले. केबल आल्यापासून गावात परदेशी गाण्यांचं चॅनल दिसायला लागलं होतं, आणि कॉलेजातल्या चार पोरांनी ते बघून बँड काढला होता. नाव ‘ब्लॅक सॉइल’. गाणारा गहिनीनाथ. पोस्टरवर तो ‘गॅरी’ असायचा. ड्रम वाजवायला बिभीषण, त्याचं नाव मात्र काही केल्या इंग्रजी होईना, म्हणून तसंच ठेवलं. बसस्टँडसमोरच्या लॉजवर एक हॉल होता; दिवसा तिथं साड्यांचा सेल, कधी साखरपुडा, आणि शनिवारी संध्याकाळी हे. पन्नासेक खुर्च्या. साउंड आमचा.

मला ते आवडायचं. औरंगाबादला हॉस्टेलमध्ये असताना अशा एका कार्यक्रमाला गेले होते, एका हॉटेलच्या तळघरात, रेक्टरला मावशीकडे जाते सांगून. गिटारचा तो करकरीत आवाज पहिल्यांदा अंगावर आला तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी माझ्या वतीनं ओरडतंय. मग लग्न झालं. बीडमध्ये असं काही परत भेटेल याची कल्पना नव्हती. मी सिधूला कडेवर घेऊन जायला लागले. वीरेश नको म्हणाला नाही, कारण मिक्सरशी बसलं की त्याला कुणीतरी ओळखीचं हवं असतं, बोलायचं नसलं तरी.

हॉलमध्ये बाई मी एकटीच. पोरं अदबीनं वागायची, वैनी वैनी करायची. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मान म्हणून मोकळ्या ठेवायची. कितीही गर्दी झाली, पोरं भिंतीला टेकून उभी राहिली, तरी त्या दोन खुर्च्यांवर कुणी बसत नसे. गाणं रंगात आलं की सगळा हॉल एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारायचा, आणि मी त्या मोकळ्या जागेच्या मधोमध, मांडीवर सिधू. गाणी मी ऐकायचे आणि डोळे त्याच्यावर. कधी वाटायचं, आत्ता दचकला. कधी वाटायचं, ती माझीच मांडी हलली.

पौष संपत आला तेव्हा सासूबाई आल्या. मुलगा आणि सून दर शनिवारी नातवाला घेऊन लॉजवर जातात, हे दिंद्रुडपर्यंत पोचलं होतं. लॉज हा शब्द गावाकडे चांगला नाही.

“मी बी येते,” त्या म्हणाल्या. “बघू तरी काय थेर हायत.”

त्या कपाळाला विभूती लावून, लुगड्याचा पदर नीट करून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पहिल्या गाण्याला त्यांनी पदराचा बोळा कानावर धरला. दुसऱ्याला मला विचारलं, “हे गाणं हाय का भांडण?”

“गाणं आहे.”

“मग तो पोरगा कुणावर खवळलाय? त्याच्या बापाला मी वळखते. लई गरीब माणूस.”

तिसरं गाणं बँडचं स्वतःचं होतं, पाटोद्याच्या एसटीवर. गहिनीनाथ ओरडून विचारायचा, “पाटोदा लागली का?” आणि सगळा हॉल ओरडायचा, “न्हाई!” हे सासूबाईंना पटलं. दुसऱ्या वेळी त्यांनीही पदराच्या आतून ‘न्हाई’ म्हटलं.

सिधू मांडीवर चुळबुळत होता म्हणून मी त्याला खाली सतरंजीवर सोडलं. तो रांगत पुढे गेला आणि वीरेशनं त्याच महिन्यात आणलेल्या बेसच्या खोक्याला धरून उभा राहिला. लाकडी स्पीकर, त्याच्या दुप्पट उंच. त्यानं दोन्ही तळहात त्यावर टेकवले. आणि हसला.

तसा तो हसरा आहे, पण हे हसू मी पाहिलं नव्हतं. बेस वाजला की गुडघ्यात वाकायचा, थांबला की थांबायचा. बरोब्बर तालात. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गहिनीनाथ माईकवर म्हणाला, “आजचं गाणं सिधूशेठला.” मिक्सरमागून वीरेश उठून उभा राहिला होता, त्याच्या तोंडावर जो सुटकेचा भाव होता तो मला अजून आठवून बघवत नाही. म्हणजे त्यालाही शंका होती. मला कधी बोलला नव्हता.

सासूबाईंनी माझा दंड दाबला. “बघ आता. डोळे भरून बघ. ऐकतंय का न्हाई? उगं कावून जीव जाळत होतीस?”

मी हो म्हणाले. मला रडू आलं. इतके महिने मी एकटीनं वाहिलेलं ते ओझं कुणीतरी अलगद उचललं असं वाटलं, आणि मी वेड्यासारखी ‘न्हाई, न्हाई’ ओरडायला लागले, सगळ्या हॉलबरोबर.

तेवढ्यात लाइट गेली.

गिटार मधेच विझल्या. अंधार. पण बिभीषण थांबला नाही. ड्रमला लाइट लागत नाही, आणि पोरांना तर चेवच चढला. खुर्च्या बडवायला लागली. “पाटोदा लागली का?” कुणीतरी अंधारात ओरडलं, आणि आधी कधी झाला नव्हता एवढा मोठा ‘न्हाई’ झाला. वीरेश जनरेटर चालू करायला खाली पळाला. मी बॅटरी लावून सिधूला शोधलं. घाबरला असेल, मला वाटलं.

तो घाबरला नव्हता. खोक्यापाशीच होता. त्यावर हात ठेवून वाट बघत होता. मग त्यानं थोपटलं. गाल टेकवून पाहिला. खोकं हललं नाही म्हणून माझ्याकडे वळून पाहिलं, बॅटरीच्या उजेडाकडे, जणू मी ते बंद केलं. त्याच्या डोक्यावर पन्नास माणसं बोंबलत होती, बिभीषणनं झांज अशी मारली की सासूबाई ‘अगं बया’ म्हणाल्या, आणि सिधूच्या दृष्टीनं कार्यक्रम संपला होता.

मी त्याच्या मागे जाऊन बसले. बॅटरी विझवली. कानाला तोंड लावलं नाही, त्याला माझा श्वास जाणवला असता. हातभर अंतरावरून, जेवढा निघेल तेवढ्या आवाजात हाक मारली. त्या गोंगाटात माझी हाक कुणालाच वेगळी कळली नसती. परत मारली. माझा एक हात त्याच्या पाठीवर होता. पाठ शांत होती.

जनरेटर सुरू झाला, खोकं गुरगुरलं आणि तो पुन्हा हसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपला. पोरं चहाला उतरली. सासूबाई तिथंच, खुर्चीवर, समाधानानं डुलकी घेत होत्या. वीरेश शीळ घालत वायरी गुंडाळत होता.

“अहो,” मी म्हणाले, “मशीन बंद नका करू.”

“का गं?”

“बेस काढून टाका. नुसते वरचे कर्णे ठेवा. आणि त्याला हाक मारा.”

“आत्ता तर सगळ्यांसमोर नाचला की. आईनं बी बघितलं.”

“हाताखाली खोकं होतं.”

तो धंद्यातला माणूस आहे. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. बोटांत वायर तशीच धरून तो सिधूकडे बघत राहिला. सिधू सतरंजीवर बसून टेपच्या रिकाम्या रिळाशी खेळत होता, पाठ आमच्याकडे.

वीरेशनं बेसचं बटण शून्यावर आणलं. माईक घेतला. आधी हळू, जसं दुकानात हाक मारतो तसं, “सिधू.”

रिकाम्या हॉलमध्ये ते नाव चारी भिंतींवरून फिरून आलं.

“सिधू. बाळा.”

मग मोठ्यानं. मग आणखी. सासूबाई दचकून उठल्या. “काय झालं रं? कावून वरडतो?” त्या आधी वीरेशकडे, मग सिधूकडे बघत होत्या. सिधूनं रीळ लोटलं, ते थोडं गेलं, त्यानं रांगत जाऊन परत आणलं.

वीरेशनं माईक खाली ठेवला. मला वाटलं तो माझ्याकडे येईल. तो मिक्सरकडे गेला. एक बटण थोडं वर केलं. वाकून माईकची पिन काढली, फुंकली, परत बसवली. मग भिंतीकडेनं वायर चाचपत एका स्पीकरपर्यंत गेला, तिथून दुसऱ्यापर्यंत. आवाज माणसापर्यंत पोचत नसला की तो हेच करतो. प्रत्येक जोड हातानं दाबून बघत होता. मी त्याला अडवलं नाही. सासूबाईंनी मला हाक मारली तरी मी त्यांना हातानंच थांबवलं. त्याचं सगळं तपासून होऊ दिलं.

सगळं बघून तो परत आला आणि सतरंजीवर सिधूच्या समोर बसला. बापाचं तोंड दिसल्याबरोबर सिधूनं रीळ टाकून दोन्ही हात वर केले.

“वायर तर कुठं तुटलेली न्हाई,” वीरेश म्हणाला. माझ्याकडे न बघता.

“नाही,” मी म्हणाले.

त्यानं सिधूला उचलून छातीशी धरलं. काहीतरी पुटपुटत होता, मला शब्द कळले नाहीत. सिधूनं त्याच्या गळ्याला तळहात लावला होता आणि तो ते बोलणं हातानं धरून होता.

“औरंगाबादला कोणती गाडी लौकर असते?” त्यानं विचारलं.