४१ म्हणजे ५८

चिमटी हे नाव मावशीनं ठेवलं होतं. लहानपणी ही पोर कुठल्याही गोष्टीतला बारीकसा दोष दोन बोटांत पकडून घरभर दाखवत फिरायची. पुढे तिनं भौतिकशास्त्राची पदवी घेतली, तेव्हा मावशी म्हणाली की आता हिला चुका काढायचं रीतसर प्रमाणपत्रही मिळालं.

नोकरी सांभाळून चिमटी हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरवर काम करायची. ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही वाचावा, सुधारावा आणि फुकट वापरावा. त्यातला बिलं बनवण्याचा नवा भाग तिनं एकटीनं, पाच महिने खपून लिहिला होता. तो येत्या आवृत्तीत जाणार की नाही, हे शनिवारी ठरणार होतं. नियम साधा होता. प्रोग्रामर नसलेल्या पाच जणांनी तो आपल्या धंद्यात दहा दिवस वापरायचा, रोज सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा, आणि शेवटी एकही मोठा दोष उरता कामा नये.

चौघं मिळाली होती: एक शिंपी, एक दातांची डॉक्टर, एक सायकली भाड्यानं देणारा आणि एक गाण्याची मास्तरीण. पाचवी मावशी. मावशी पुस्तकं बांधायची. खळीचा वास येणाऱ्या तिच्या लांबट खोलीत एका भिंतीला लोखंडी दाबयंत्र होतं आणि दुसऱ्या भिंतीला छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर कणा मोडलेल्या वह्या, पानं सुटलेले ग्रंथ आपापल्या पाळीची वाट बघत पडलेले असत.

मावशीचा अभिप्राय पहिल्या दिवशी आला: ‘उत्तम. काही अडचण नाही.’ दुसऱ्या दिवशी तोच. आठव्या दिवशीही तोच, शेवटच्या पूर्णविरामासकट.

चिमटी आधी खूश झाली, मग अस्वस्थ. शिंप्यानं चार दिवसांत सहा तक्रारी केल्या होत्या, आणि ज्या मावशीला दोऱ्याचा एक टाका वाकडा गेलेला खपत नाही तिची एकही नाही. प्रयोगशाळेत कधीच चूक न दाखवणारं उपकरण बहुधा बंद असतं. तिनं मावशीनं पाठवलेली नोंदींची प्रत उघडली. आठ दिवसांत चौसष्ट बिलं, त्यातली एकोणतीस रद्द. आणि रद्द झालेल्या प्रत्येक बिलाची रक्कम एक.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती मावशीच्या खोलीत जाऊन बसली. मी फक्त बघणार, बोलणार नाही, निरीक्षकानं प्रयोगाला हात लावायचा नसतो, असं तिनं आल्याआल्या बजावलं. मावशी म्हणाली, बस बाई, पण निदान त्या खळीच्या डब्याला तरी हात लाव, इकडे सरकव.

थोड्या वेळानं एका वकिलाचा कारकून तीन फाटक्या नोंदवह्या घेऊन आला. मावशीनं बिल उघडलं. रक्कम भरल्याशिवाय बिलाला क्रमांक मिळत नव्हता. तिनं शांतपणे एक हा आकडा भरला, ६५ क्रमांक मिळवला आणि तो चिठ्ठीच्या दोन्ही टोकांना लिहिला. चिठ्ठी मधोमध फाडून एक अर्धा तुकडा कारकुनाला दिला आणि दुसरा दोऱ्यानं वह्यांना बांधला. तीस वर्षं ती हेच करत आली होती. क्रमांक वस्तू येताच, भाव मागाहून.

कारकून जातो न जातो तोच एक ग्रंथपाल बाई ४१ क्रमांकाची अर्धी चिठ्ठी घेऊन आल्या. मावशीनं भाचीकडे चोरटी नजर टाकली, कापडाच्या गुंडाळीखालून एक छोटी वही काढली आणि अर्धवट उघडून तिच्यात डोकावली. चिमटीनं मान लांब केली. वहीत मावशीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘४१ म्हणजे ५८. ४३ म्हणजे ६१.’ आणि खाली तसंच पानभर.

आता सगळं उलगडलं. काम झाल्यावर खरी रक्कम घालायची, तर एकदा जतन केलेलं बिल बदलता येत नव्हतं. ते रद्द करून नवं करावं लागे, नव्याला नवा क्रमांक मिळे, आणि गिऱ्हाइकाच्या हातात राही जुना. बाकी चौघांना भाव आधीच ठाऊक असायचा, म्हणून त्यांना हे कधी टोचलंच नव्हतं.

ग्रंथपाल बाई गेल्या आणि निरीक्षकाचं मौन सुटलं.

“मावशी, ही वही कसली?”

“काही नाही गं. माझी आपली सोय.”

“आणि मला रोज ‘उत्तम’ लिहितेस?”

“मग काय लिहू? पाच महिने डोळे फोडलेस त्यावर. घरच्या पोरीला चारचौघांत नावं ठेवू?”

चिमटीनं जरा विचार केला. “एका गिऱ्हाइकाचं पुस्तक आठ दिवसांत उसवलं आणि ते गप्प बसलं. दुसऱ्याचं उसवलं, त्यानं येऊन तोंडावर सांगितलं. तुला यातलं कुठलं गिऱ्हाईक बरं?”

मावशीनं सुई उशीत टोचली, चष्मा वर सरकवला. “लिहायला वही घे,” ती म्हणाली. “सतरा आहेत.”

सतराच्या सतरा तक्रारी चिमटीनं उतरवून घेतल्या. सोळा किरकोळ होत्या. सतरावी क्रमांकाची, आणि तिच्यापुढे ‘मोठा दोष’ लिहिण्याआधी चिमटीचा हात थबकला. पाचांपैकी कुणीही मोठा दोष दाखवला नव्हता. ती गप्प राहिली असती, तर शनिवारी तिचा भाग बिनबोभाट आत गेला असता. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण मग फळीवरच्या त्या चिठ्ठ्या दिसल्या, एकूण एक खोट्या क्रमांकांच्या, आणि तिनं लिहून टाकलं.

या सगळ्या कामाचा प्रमुख एक काटेकोर गृहस्थ होता. प्रत्येकाचं काम लाल खुणांनी भरून परत करायचा, म्हणून त्याला सगळे हेडमास्तर म्हणत. त्याचं उत्तर शुक्रवारी सकाळी त्याच पानावर आलं: रक्कम नाही ते बिलच नव्हे, सबब हा दोष नव्हे, वापरणाऱ्याची सवय आहे. चिमटी त्यावर आकडेवारीसह दोन पानी उत्तर जुळवत होती. तेवढ्यात मावशीनं एका बोटानं टाइप करून सगळ्यांसमोर टाकलं:

‘मास्तर, पुस्तक उसवल्याशिवाय किती शिवायचंय ते मला कळत नाही. तोवर भाव काय गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून सांगू?’

दुपारपर्यंत, तो भाग आपणहून वापरून बघणाऱ्या एका घड्याळजीनं लिहिलं की आपणही रकमेत एक हाच आकडा भरतो. एका चांभारानं लिहिलं की आपण नऊशे नव्याण्णव भरतो, म्हणजे चुकून कुणाला दिलं तर निदान तो भांडायला तरी येईल. संध्याकाळी हेडमास्तरांचा एका शब्दाचा निरोप आला: ‘मान्य.’ आणि ते मान्य झालं, म्हणूनच चिमटीचा भाग त्या आवृत्तीतून बाहेर राहिला.

शनिवारी ती मावशीकडे येऊन पुठ्ठे कापत बसली, गरजेपेक्षा जास्त जोरात. मावशीनं तिला कापू दिलं. नंतर फक्त म्हणाली की घाईनं दाबाखालून काढलेलं पुस्तक फुगतं, आणि आता कातर खाली ठेव, पुठ्ठा महाग आहे.

दीड महिना गेला. आता वस्तू येताच क्रमांक मिळत होता, रक्कम सवडीनं भरता येत होती, आणि क्रमांक शेवटपर्यंत तोच राहत होता. पुन्हा दहा दिवसांची चाचणी झाली. मावशीची छोटी वही कापडाच्या गुंडाळीखालून निघून रद्दीत गेली. शेवटच्या संध्याकाळी तिचा अभिप्राय आला, आणि चिमटीनं तो उभ्याउभ्याच वाचला:

‘काम होतं. क्रमांक बदलत नाहीत. तो हिरवा रंग मात्र शेवाळासारखा आहे, आणि छापायचं बटण कुणी लपवलंय? ते आधी शोधून दे.’

चिमटी हसत सुटली. लगेच बसली आणि नव्या यादीत पहिल्या ओळीवर लिहिलं: ‘एक. बटण.’