इरम्माच्या फडताळातला खालचा खण

मी एक जुना खण आहे. हसू नका, मित्रांनो! साडीबरोबर ओटीत घालतात तो खण नव्हे मी. मी लाकडाचा. ओढला की पुढे येणारा, ढकलला की मागे जाणारा. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पण मी जन्मलो तेव्हा धाराशिवात निजामाचं राज्य होतं, आणि स्वयंपाकघरात सरकता खण आहे म्हटल्यावर शेजारच्या बाया कणीक भिजवायची सोडून बघायला यायच्या. खरंच सांगतो!

मी मूळचा कडुलिंबाचा. माझ्यात ठेवलेल्या डाळीत कधी किडा झाला नाही, हा माझा एकुलता एक गर्व.

माझा जन्म झाला तो इरम्मासाठी. इरम्मा म्हणजे महालिंगप्पा आडत्यांची बायको. एका आजारपणात तिचा उजवा हात लुळा पडला तो पडलाच. त्यांच्या स्वयंपाकघरातलं फडताळ भिंतीतलं, चांगलं खोल. आतल्या कोपऱ्यातला पिठाचा डबा काढायचा तर एका हाताने फळी धरायची आणि दुसऱ्याने डबा ओढायचा. दुसरा हात आणायचा कुठून? एकदा डबा सुटला आणि सगळं पीठ चुलीपुढे सांडलं.

तिची धाकटी जाऊ नागम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की अक्का आता. चुलीचं मी बघते. तुमी आपल्या वाती वळत बसा."

आता सांगा मित्रांनो, एका हाताने वाती तरी कशा वळतात?

इरम्मा रडली नाही. तिने चाँदपाशा सुताराला बोलावणं धाडलं. "चाँदभाई, मला फडताळात शिरता येत न्हाय. फडताळच माझ्याकडं येईल असं काय तरी कर बाबा."

चाँदपाशाने कानावरची पेन्सिल काढून डोकं खाजवलं. "अक्का, फडताळ न्हाय येणार. पण त्याचं पोट भाईर काढतो!"

पण एक अडचण होती. फडताळ स्वयंपाकघरात, आणि चाँदपाशा मुसलमान. त्या घराच्या रीतीप्रमाणे त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नव्हता. मग काय झालं माहीत आहे? चाँदपाशा उंबऱ्याबाहेर बसला आणि आत काम केलं महालिंगप्पांनी! त्यांनी सुतळीला गाठी मारून माप घेतलं, खिळे ठोकले, बोट ठेचून घेतलं आणि रंधासुद्धा मारला.

"मालक, डावी पट्टी चढली. उतरवा जरा."

"मी ज्वारी तोलणारा माणूस, चाँदपाशा. मला पट्टीतलं काय कळतंय?"

"मग तराजू समजा. दोन्ही पारडी बराबर! आन् रंधा हलक्या हातानं. लाकूड हाय ते मालक, म्हैस न्हाय!"

माझी मूठ मात्र चाँदपाशाने स्वतः कोरली. इरम्माला उंबऱ्याशी बसवून तिचा डावा हात नीट पाहून घेतला, आणि तिची बोटं जिथे जशी वळतात तशीच ती मूठ वळवली. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती अजूनही नीट बसत नाही.

इरम्माने मला पहिल्यांदा ओढलं तेव्हा मी पिठाच्या डब्यासकट सुळकन तिच्या पुढ्यात आलो. ती मोठ्याने हसली. पुन्हा ढकललं, पुन्हा ओढलं. "झालं का खेळून? भाकरी करायच्या हायत," नागम्मा म्हणाली. पण स्वयंपाकघर रिकामं झालं की तीही मला गुपचूप एकदा ओढून जायची. मी कुणाला सांगितलं नाही!

मग पावसाळा आला आणि मी फुगलो. वीतभर बाहेर यायचो आणि अडायचो. इरम्माचा जीव थोडा थोडा झाला. नागम्मा म्हणाली, "तरी म्या म्हणतच हुते."

चाँदपाशा आला आणि उंबऱ्यावरूनच हसला. "अक्का, लाकूड पानी पिऊन बसलंय. पाऊसकाळात त्याला रंधा लावायचा न्हाय. दिवाळीपातूर दम धरा. त्येचं त्ये सुकंल, न्हाय सुकलं तर माझे कान धरा."

आणि तसंच झालं. दिवाळी सरली आणि मी पुन्हा सुळकन सरकू लागलो. तेव्हापासून रीतच पडली. दिवाळीनंतर चाँदपाशा आणि त्याची बायको सायराबी यायचे. महालिंगप्पा मला काढून बाहेर द्यायचे आणि मी सायराबीच्या मांडीवर. ती मेणबत्तीचा तुकडा घेऊन माझ्या कडा घासायची, न्हाऊ घालावं तशी. मग फराळाची ताटं ओसरीवर. उंबरा मात्र मध्ये असायचाच.

मित्रांनो, पुढचं सांगताना माझ्या सांध्यांतून भुसा गळतो.

ते साल अठ्ठेचाळीस होतं. भादव्यात निजामाचं राज्य गेलं. एकीकडे लोक आनंदाने नाचत होते, आणि दुसरीकडे कितीतरी मुसलमानांच्या घरांना कुलपं लागत होती. चाँदपाशा हत्यारांची पेटी घेऊन एका गावी खिडक्या बसवायला गेला होता. तो परत आला नाही.

मी त्या दिवसांत फुगून अडलेलो होतो. नागम्मा म्हणे, "दुसरा सुतार बोलवा की." इरम्मा म्हणायची, "कशाला? दिवाळी झाली की चाँदभाई येतोय." रोज कुणीतरी डबा काढून द्यायचं, ती निमूट घ्यायची. पण दुसऱ्या सुताराचं नाव काढू द्यायची नाही.

एके दिवशी महालिंगप्पा बाजारातून लवकर आले. त्यांनी बाहेर काय ऐकलं होतं ते मला ठाऊक नाही. ते पगडीसुद्धा न काढता आत आले, मला जोर लावून बाहेर ओढलं आणि माझ्यावर रंधा चालवू लागले. हलक्या हाताने. चाँदपाशाने शिकवला होता तस्साच.

इरम्मा दारात येऊन उभी राहिली. "अवं, पाऊस हाय अजून. दिवाळीनंतर..."

महालिंगप्पांनी वर बघितलं नाही. रंधा चालूच राहिला.

इरम्मा खाली बसली. माझ्या अंगाचे पांढरे छिलके एका हाताने गोळा करत राहिली.

दिवाळीनंतर सायराबी आली. एकटीच. हातात मेणबत्तीचा तुकडा. ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "अक्का, त्येनी बोलले हुते, दिवाळीनंतर अक्काकडं जायचंय. म्हटलं कुठंबी असतील, हितं तर येतीलच. आले न्हाईत का?"

इरम्माने सायराबीचा हात धरला आणि तिला उंबरा ओलांडून आत आणलं. नागम्मासुद्धा चुलीपासून सरकून बसली, तिने पाट पुढे केला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच सायराबी त्या स्वयंपाकघरात आली.

तिने मेण लावायला मला ओढलं. मी खडखडलो. दिवाळीनंतर सुकलो होतो ना, आणि अंग तर आधीच तासलेलं! तिची बोटं माझ्या कडेवरून फिरली आणि थांबली.

"पाऊसकाळात रंधा मारला, व्हय अक्का?"

नागम्माने चुलीत लाकूड सारलं.

"म्हंजे तुमीबी वाट बघायचं सोडलं."

तिने मेण माझ्या कोपऱ्यात ठेवलं, पदराने माझी मूठ पुसली आणि ती गेली. पुन्हा कधी आली नाही.

पुढे मी इतका सैल झालो की एका सकाळी डब्यासकट निसटलो आणि पीठ पुन्हा चुलीपुढे सांडलं. एक पातळ पट्टी मारली असती तर मी बसलो असतो. पण इरम्माने कुणाला हात लावू दिला नाही. चूल नागम्माकडे गेली, मी माळ्यावर आलो. इरम्मा खाली बसून राहायची, मांडीवर डावा हात मूठ वळल्यासारखा ठेवून.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पावसाळ्यात खण अडला तर त्याला तासू नका. फुगलेलं लाकूड आपोआप बसतं, तासलेलं मात्र परत भरत नाही. आणि कुणाला उंबऱ्याच्या आत बोलवायचं असेल, तर तो ओसरीवर हसत बसलेला असतो तेव्हाच बोलवा.

मेणाचा तुकडा अजून माझ्या कोपऱ्यात आहे. उंदरांनीही खाल्लेला नाही. उन्हाळ्यात तो थोडासा वितळतो आणि मला वाटतं, कुणीतरी माझ्या कडा घासतंय.